रामाण्णांच्या डोक्यातल्या शिरा

औषधाच्या बाटल्या धुवून संपायच्या, किस्से मात्र साठतच गेले! महायुद्धाच्या आधी मी शहापुरात एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होतो. डॉक्टर पुण्याचे, बोलणं एकदम शुद्ध. पेशंट आमच्याकडचे. मग काय विचारता!

रामाण्णा म्हणून एक म्हातारे विणकर होते. जन्म मागावर गेला, पण हल्ली देवळात गेले की परतीची वाट विसरायचे. बायको गंगाक्का त्यांना हाताला धरून घेऊन आली.

डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "वयामुळे यांच्या डोक्यातल्या शिरा कडक झाल्यात. मेंदूला रक्त पुरत नाही, म्हणून विसरतात."

गंगाक्का उसळली, "शिरा कडक हुणारच की वो! सून तूप घालतीय कुठं?"

*

मुंबईहून ब्लडप्रेशरचं नवं मशीन आलं होतं. डॉक्टरांनी रामाण्णांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला. रामाण्णा शांतपणे बघत होते. पट्टा सुटल्यावर त्यांनी दुसरा हात पुढं केला.

"ह्याचं बी माप घ्या. मागच्या शिंप्यानं एक बाही घट्ट केलती!"

*

मग डोकं किती शाबूत आहे, ते बघायला डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, सध्या राज्य कुणाचं?"

रामाण्णांनी आधी दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "सुनेचं!"

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं : बुद्धी ठीक.

*

निपाणीचे एक आप्पा यायचे. त्यांचंही तेच दुखणं. गालात कायम तंबाखू. डॉक्टरांनी दम भरला, "तंबाखूनं शिरा आणखी बिघडतात. आजपासून बंद!"

आठ दिवसांनी आप्पा आले, गाल फुगलेलाच!

"अहो, सोडली होतीत ना?"

"सोडलती की! सोडल्याचं इसरलो."

"मग खायचं बरं लक्षात राहिलं?"

"ते तोंडाच्या ध्यानात हाय, डॉक्टर. डोक्याचा काय संबंध?"

*

पावसाळा सरता सरता गंगाक्का रडतच आली. रामाण्णा मागोमाग. "चार दिस झालं, मला वळखंनात. कोण तू, म्हणत्यात. पन्नास वर्सांचा संसार वो!"

मी रामाण्णांच्या औषधाची बाटली भरायची थांबवली. डॉक्टरांनी रामाण्णांना जवळ बसवून विचारलं, "आजोबा, या कोण?"

रामाण्णांनी तिच्याकडं निरखून बघितलं. "नाव ठावं न्हाय. पर बाई लई चांगली हाय. भाकरी मऊ करून घालती, रातचं पाय चेपती." मग डॉक्टरांच्या कानाशी वाकून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "हिचं लगीन झालंय का, इचारा की!"

गंगाक्कानं डोळे पुसले. "झालंय म्हणावं. पर न्हवरा लई इसरभोळा हाय."

"मग सोड की गं त्याला!" रामाण्णा म्हणाले. "मी हाय न्हवं?"

गंगाक्का पदर तोंडाला लावून म्हणाली,

"डॉक्टर, ते औषध आता ऱ्हाऊ द्या बगू!"