ऋतुजाचे मिटलेले डोळे

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचायचो, गंमत म्हणून. भुताखेतांवर विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. तरी लिहितोय... कारण यात भुतापेक्षा माझाच भाग जास्त आहे.

बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर मी फोटोग्राफी शिकलो. स्टुडिओतलं पहिलं काम मिळालं ते घाटकोपरच्या पाटकरबाईंचं. त्या घरून साड्या विकतात. साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, आत पांढरा पडदा आणि फ्लॅश, शेजारच्या गाळ्यात लेथ मशीनची घरघर. भर दुपार. मॉडेल्स दोन. सोनल सरावलेली. दुसरी ऋतुजा, मुलुंडला आमच्याच मजल्यावर राहणारी. तिचंही पहिलंच काम, माझ्या शब्दावर मिळालेलं.

मेकअपवाली सुषमा दोघींच्या पापण्यांवर जाड सोनेरी शेड लावत होती. "हलू नकोस गं, जोकर होशील!"

"चालेल," ऋतुजा म्हणाली, "काकांचा फोकस लागेपर्यंत तसंही सगळं ओघळणारच आहे."

सोनलचे फोटो झकास आले. मग ऋतुजा उभी राहिली. कॅमेरा लॅपटॉपला जोडलेला, त्यामुळे फोटो लगेच स्क्रीनवर. पहिल्यात तिचे डोळे मिटलेले. होतं असं. पुढच्यातही मिटलेले. त्याच्या पुढच्यातही...

क्लासमध्ये शिकवलेली युक्ती केली. "डोळे आधीच मिटून घे. मी 'हं' म्हटलं की उघड." ती उघडायची, मला स्वच्छ दिसायचं, मी क्लिक करायचो — आणि स्क्रीनवर मिटलेलेच. अर्धवट नाही, गाढ झोपलेल्या माणसासारखे.

"काका, मी उघडे ठेवतेय. आईशप्पथ!"

"अहो, माझ्या साड्यांची वाट लागली नेसून-सोडून," पाटकरबाई.

मध्ये सोनलला उभं केलं. तिचे डोळे उघडे. पुन्हा ऋतुजा. मिटलेले.

मी फोटो मोठा करून पाहिला. गालांवर रंग होता, ओठांवर लिपस्टिक होती. पण त्या मिटलेल्या पापण्यांवर सोनेरी शेड नव्हती. काहीच नव्हतं. कोरी कातडी. मान वर करून पाहिलं, तर समोर ऋतुजा रडवेली होऊन पापण्या फडफडवत होती आणि प्रत्येक वेळी सोनं चमकत होतं.

तेव्हाच सगळ्यांना बोलावून दाखवायला हवं होतं. मी लॅपटॉप माझ्याकडे वळवून घेतला आणि म्हणालो, "ऋतुजा, तुझे डोळेच मिटतात. फ्लॅशला घाबरतेस तू."

"जाऊ दे, सगळ्या सोनललाच नेसवा," बाई म्हणाल्या. ऋतुजा पदराच्या पिना काढायला लागली.

का केलं असं? हातातलं काम जाईल म्हणून. दुसरं कारण शोधून सापडलेलं नाही.

कॅमेरा तपासून घेतला, ठीक निघाला. त्याच कॅमेऱ्याने नंतर बारशी काढली, मुंजी काढल्या, सगळ्यांचे डोळे जागेवर. पण ऋतुजा फोटोला उभी राहिनाशी झाली. तिच्या भावाच्या लग्नात ग्रुप फोटोला हाक मारली तर लांबूनच म्हणाली, "नको, माझ्यामुळे खराब होतो." तिची आई हसून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला तर माहितीच आहे भाऊ, हिचं फ्लॅशचं." मी मान हलवली. हो, मान हलवली.

त्यानंतर झोप लागेना. गेल्या रविवारी तिला घरी बोलावलं आणि फोटो मोठा करून दाखवला. वाटलं, किंचाळेल. ती स्क्रीनजवळ वाकली.

"म्हणजे माझे उघडेच होते."

"हो."

"आणि तुम्हाला हे तेव्हाच दिसलं होतं?"

"हो गं..."

फोटोतले डोळे कुणाचे, हे तिने विचारलंच नाही. फाइल अजून जपून ठेवलीय, जाणकारांना दाखवलीय. कुणालाच उलगडा होत नाही.

चहा तसाच ठेवून ती उठली. चपला घालता घालता म्हणाली, "आई घरीच आहे. चला, तिला तुम्ही सांगा."