कासारमावशीच्या हातात हात

चौथीनंतर पाटी सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, अक्षरही वाकडे येईल, त्याबद्दल क्षमा असावी. पण कासारमावशीची आठवण पुसायच्या आत लिहून ठेवते.

मावशी बाईच्या तोंडाकडे बघतच नसे, हाताकडे बघे. सेलूहून बांगड्यांची टोपली घेऊन आमच्या गावी येई आणि हात दाबता दाबता घरचे सगळे ओळखी. शेजारच्या वहिनींना म्हणाली, "हात घामेजते, थरथरते. छातीत धडधड होते ना वं? गळ्याची गाठ डॉक्टरले दाखव."

दुसऱ्या बाळंतपणानंतर मी चुलीपुढे बसल्याबसल्या पेंगू लागले. आवाज घोगरा झाला, केस गळू लागले. वैशाखात घोंगडी लागे. अर्धी भाकर खाऊनही अंग सुजत चालले. सासूबाई म्हणत, "आयतं खाऊन फुगली." मी मुळातच अबोल, कामाला लागे. मला माहेरी धाडून ह्यांच्यासाठी दुसरी बघायची, इथवर बोलणे आले होते.

तेव्हाच मावशी आली. माझे सव्वादोनचे माप तिला पाठ होते, पण बांगडी अडली. तिने अंगठ्याने मनगट दाबून पाहिले. खड्डा पडला नाही, म्हणजे ही पाण्याची सूज नव्हती.

"आत्याबाई, एवढ्या उन्हात हिचा हात थंडा काऊन?" तिने सासूबाईंना विचारले.

"आळशी हाये ते."

"आळसानं कातडी अशी खरबरीत नाई होत. पुलगावात माही एक गिऱ्हाईक अशीच होती. गळ्यातली गाठ सुस्त पडली म्हने डॉक्टर. गोळ्या घेऊन उठली."

सासूबाई खर्चावर अडल्या. मावशीने कमरेच्या चंचीतून सात रुपये काढून माझ्या मुठीत दिले. "बरी झाली का देजो."

वर्ध्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितले. गोळी रोज घ्यायची, जन्मभर. दिवाळीला सव्वादोनच्या बांगड्या सरसर चढल्या. सासूबाईंनी मावशीसाठी स्वतः चहा ठेवला.

मी पैसे पुढे केले की मावशी हात दाबून पाही. "अजून पुरता गरम नाई झाला." असे तिने तीनदा परत केले.

आणे जाऊन नवे पैसे आले त्या साली मावशीचे लुगडे अंगावर ढिले दिसू लागले. आमच्याकडे तांब्याभर पाणी प्यायची आणि पुन्हा मागायची. पायाच्या बोटाची जखम पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत भरली नव्हती. डॉक्टरांच्या ओसरीवर पाळीची वाट बघत बसले असता, साखरेच्या रोग्यांना तहानेचे, जखमेचे हेच प्रश्न विचारलेले मी ऐकले होते. गावभर बायकांचे हात तिने धरले, तिचा कुणी धरला नव्हता.

मी आपणहून तिचा हात धरला. "मावशी, वर्ध्याले चला."

"बांगड्या कोन विकन?"

"मी बसते टोपलीपाशी उद्या. आज चला."

लघवीत साखर निघाली. वेळेवर आलात, पाय वाचला, असे डॉक्टर म्हणाले. परतताना मोटारीत मावशीने बोटांवर हिशेब केला. तिकीट, तपासणी, औषध, सगळे मी भरलेले. बरोबर सात रुपये.

मग माझा हात घेऊन तिने दाबून पाहिला.

"आता गरम हाये," ती म्हणाली. "फिटले."