तीन नायिकांमधला धागा

सोलमधल्या त्या गल्लीच्या विरंगुळा केंद्रात शनिवारी म्हाताऱ्यांचा खेळ रंगायचा. पूर्वी न्हावीकाम करणारा प्यो तीन जुन्या सिनेमांचे तुकडे टीव्हीवर दाखवायचा आणि तिन्हींतला लपलेला धागा बाकीच्यांनी ओळखायचा.

त्या दिवशी तीन निरनिराळ्या नायिका रडून गेल्या.

“तिघी शेवटी मरतात!” कुणीतरी ओरडलं.

“तिघींचा आवाज माझा आहे,” खेळायला आलेल्या माक-सूनताई म्हणाल्या.

हशा पिकला. “ताई, भरदुपारी चढली काय?” प्यो म्हणाला. “तिघींच्या घरात जिना आहे, हे उत्तर!”

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, तेव्हा शूटिंगला आवाज घेतच कुठं होते? नट्या नुसते ओठ हलवायच्या. नंतर अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत आम्ही बोलायचो. या तिसऱ्यात तर सूनही मी आणि सासूही मीच! मीच मला शिव्या घातल्या आणि मीच ढसाढसा रडले!”

“मग सिनेमाच्या सुरुवातीला येणाऱ्या नावांत तुमचं नाव कसं नाही?” प्योने विचारलं.

“तेच तर विचारतेय मेल्या, का नाही?”

त्यांनी रिमोट हिसकावून तिसरा तुकडा पुन्हा लावला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर सुनेचे ओठ हलले आणि ताई बोलल्या, “आई, मला घराबाहेर काढू नका. बाहेर बर्फ पडतोय.” एक शब्द ओठांच्या मागेपुढे झाला नाही. सासूचा करडा आवाजही त्याच गळ्यातून निघाला.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. प्यो तर उठून उभाच राहिला.

“वा, ताई! काय हुबेहूब नक्कल करता हो तुम्ही!”