बेकरीवाला काय म्हणाला

"काही नाही, नंतर सांगतो."

बाबांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हापासून हे वाक्य माझ्या तोंडी बसलं. जेवताना माझ्या लेकीच्या बोलण्यावर सगळे हसले की ते विचारायचे, "काय म्हणाली रे ती?" आणि मी पोळीचा तुकडा मोडत हेच म्हणायचो. नंतर कधीच सांगितलं नाही. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. या हिवाळ्यात तर ताट घेऊन आपल्या खोलीत बसायला लागले. कानातली यंत्रं ड्रॉवरमध्ये. "तुम्ही सगळे एकदम बोलता. नुसता कालवा ऐकू येतो," म्हणाले.

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिल गावातल्या लायब्ररीत रविवारी दुपारी एक जर्मन सिनेमा होता, बोलपटांच्या अगदी सुरुवातीच्या काळातला. बाबा तरुणपणी जर्मनीत कारखान्यात होते, म्हणून त्यांना नेतोय, असं मी घरी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. दोन तास शेजारी बसूनही त्यांच्याशी बोलावं लागणार नव्हतं.

गोष्ट एका बेकरीवाल्याची. मुलगी कायमची घर सोडून निघालेली, आणि बाप कणीक मळतामळता तिच्याशी बोलतोय. टेबलावर पीठ, अंगात पांढरा ॲप्रन, आणि खाली उमटणारी इंग्रजी अक्षरंही पांढरीच. मला एक ओळ धड वाचता येईना. बाबा मात्र यंत्रं घालून पुढे सरकून बसले होते.

न राहवून मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "काही नाही. नंतर सांगतो."

मी पुन्हा पडद्याकडे वळलो. मग बघतो तर हसून त्यांचे खांदे हलतायत. "कसं वाटतं?" ते कुजबुजले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची कुजबुज ती, अख्ख्या हॉलने ऐकली. मग सांगितलंच त्यांनी : "म्हणतोय, जायचं तर जा, पण उपाशी जाऊ नकोस."

परतताना गाडीत मी म्हणालो, "बाबा, मला परत परत सांगायचा कंटाळा यायचा. म्हणून टाळत होतो."

"माहीत आहे. मी बहिरा आहे, बावळट नाही." मग म्हणाले, "त्या सिनेमात बघितलंस? एकाचं झालं की मग दुसरा. तेव्हा माईक सहज हलवता यायचा नाही, म्हणून त्याच्यापाशी येऊन सावकाश बोलायचे. तेवढं जमवा. मी येतो टेबलावर."

संध्याकाळी मी लेकीला हे सांगितलं. तिने लोणच्याची बरणी टेबलाच्या मधोमध ठेवली. "धिस इज द माईक. बरणी ज्याच्याकडे, तोच बोलणार. ओके, आजोबा?"

आजोबांनी बरणी उचलली आणि बेकरीवाल्याची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.

"आजोबा, शेअर द माईक!"

जेवण संपत आलं तरी बरणी त्यांच्याच हातात होती. मला लोणचं हवं होतं. मागितलं नाही.