सुमनच्या सुरीची मूठ

वाचकहो, वेरूळच्या रस्त्याने सुज्ञ जन लेणी पाहण्यास्तव जातात. अस्मादिकांनी एका सुरीच्या मुठीस्तव कन्नडला प्रस्थान ठेवले. सौ. सुमन गेल्यास वर्ष झाले. तिच्या तेलकट हातांवाचून बाभळीची ती मूठ शुष्क होऊन तडकू लागली होती. आमच्या लग्नात ती मूठ घडवून दिली तिचे कन्नडचे थोरले बंधू भानुदासदादा यांनी. तेव्हा मुठीचे वैद्यही तेच.

पुंडलिकनगरहून रिक्षाने प्रथम शहागंज. तेथे मी जवसाचे तेल आणि मधमाश्यांचे मेण मागितले. (इच्छुकांनी कच्चेच तेल घ्यावे, रंगाऱ्यांचे उकळलेले तेल स्वयंपाकघरात निषिद्ध.) दुकानदार म्हणाला, “वार्निश मारो चाचा, नई जैसी चमकेगी.” वार्निशाचे पापुद्रे कालांतराने भाजीत पडतात, हे मी सांगितले. नवी नकोच होती, हे सांगितले नाही.

एसटी सकाळची धरावी. वेरूळला पर्यटक उतरले की खिडकी लाभते. कन्नड स्थानकाबाहेरची भजी उत्तम, चहा केवळ गोड.

दादांनी मूठ पाहिली आणि उत्साहाने पॉलिश कागद काढला. आधी घासून गुळगुळीत करू, मग तेल, असा त्यांचा बेत. मी त्यांचा हात धरला. “दादा, तिथं सुमनचा अंगठा आहे.”

मुठीच्या एका अंगाला झिजून खळगा पडला होता. दादांनी उजव्या हातात सुरी धरून पाहिली, अंगठा जुळेना. मग डाव्या हातात घेतली.

“डावरी होती,” ते म्हणाले. “उजव्या हातानं खा म्हणून आई लई मारायची तिला.”

कागद त्यांनी खाली ठेवला. फडक्याने तेल चोळले. लाकूड अधाशासारखे प्यायले. जादा तेल पुसून त्यांनी सुरी माझ्या हाती दिली. “वापरा पण, दाजी. नुसती ठेवली तर परत तडकंल.”

घरी महिनाभर तेलाचे पातळ हात दिले, प्रत्येक पूर्ण वाळू दिला, शेवटी मेण. तेलाची फडकी उन्हात पसरून वाळवावीत. बोळा करून ठेवल्यास आपोआप पेटतात.

आता रोज त्याच सुरीने चिरतो. मी उजवा, माझा अंगठा मुठीच्या दुसऱ्या, अद्याप सपाट अंगावर पडतो. तिचा खळगा सुरक्षित आहे. समोर माझाही पडावा, अशी एक महत्त्वाकांक्षा उत्पन्न झाली आहे. परंतु तिने चौघांचा स्वयंपाक केला होता. मला एकट्याला दोन वेळची मिळून सहा भेंड्या पुरतात.