डाव्या दिव्यातला पंजा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. आमच्या घरात असलं कुणी मानत नव्हतं. खरं तर मी अजूनही मानत नाही... तरी लिहितेय.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही बुलढाण्यात राहायचो, हे वकिली करायचे. खामगावच्या एका व्यापाऱ्याकडून यांनी जुनी काळी मोटार घेतली आणि तिच्यावर भारी जीव लावला. सुट्टीच्या दिवशी टायरच्या खाचांतले खडे पेचकसानं काढायचे, पंपानं हवा भरायची, चाकं आलटूनपालटून लावायची.

श्रावणात डाव्या दिव्याच्या काचेवर आतून वाफ धरायला लागली. यांनी काच काढून पुसली, उन्हात वाळवली, भोवतीचं रबर नवीन बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काच पुन्हा धुरकट... आणि त्यात हाताचा पंजा उमटलेला. आतल्या बाजूनं!

"पुसताना तुमचाच लागला असेल," मी म्हटलं.

यांनी काचेवर आपला हात ठेवून पाहिला. पंजा बराच लहान होता.

"तू हात लावला का वं?"

"मी कशाला लावू?"

पुन्हा पुसला, पुन्हा उमटला. अंगणात गाडीसमोरून जायलाही मला नको वाटायला लागलं.

त्याच आठवड्यात माझी नणंद सुमन सासरी निघाली. मांडीवर तान्हं बाळ. मलकापूरहून दुपारची आगगाडी गाठायची होती. राजूर घाटाच्या तोंडाशी आलो तर भरदिवसा धुकं आणि पावसाची भुरभुर. दिवे लावले, पण डावा नुसताच मिणमिणत होता.

"पुसून घेतो," म्हणत हे उतरले. छत्री धरायला मीही उतरले. सुमन बाळाला घेऊन आतच बसली.

यांनी काच काढली. पंजा ताजा होता, बोटांवरून पाणी ओघळत होतं. मी दचकून मागे सरले आणि छत्री हातातून सुटून चाकाजवळ पडली. ती उचलायला हे वाकले, ते तसेच खाली बसून राहिले.

"अवं... हे टायर पाह्य."

चाक वळलेलं होतं म्हणून आतली बाजू दिसली. तिथं लिंबाएवढा फुगा आला होता. घाटात फुटला असता तर... यांनी स्टेपनी लावली.

गाडी निघाली. पहिल्याच वळणावर सुमन म्हणाली, "दादा, त्या बाईले काऊन नाही घेतलं गाडीत? बिचारी भिजून राह्यली होती."

"कोनती बाई?"

"वहिनीजवळ उभी होती ते. तू टायर पाहून राह्यला होता तवा."

घाट उतरेपर्यंत मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नंतर हे मुद्दाम खामगावला जाऊन आले. गाडीला कधी अपघात झाला नव्हता, कुणाला लागलं नव्हतं. व्यापाऱ्याला खोटं बोलायचं कारणही नव्हतं. पंजा परत दिसला नाही, पण माझा जीव थाऱ्यावर येईना, म्हणून यांनी गाडी विकून टाकली.

हे आता नाहीत. मागच्या दिवाळीला सुमन आली होती. मी पहिल्यांदाच धीर करून विचारलं, "ती बाई नुसतीच उभी होती का गं?"

"नाही वहिनी. तुमच्या कानाशी बोलून राह्यली होती," ती म्हणाली. "अन् तुम्ही हो-हो करून मान हलवत होत्या."

मी कशाला हो म्हटलं होतं... मला काहीच आठवत नाही.