डावरी टेलर्स

आमच्या दुकानाची पाटी वाचून नवी गिऱ्हाइकं हसतात. हसू देत. 'डावरी', म्हणजे डावखुरी, ही आमच्या मालकिणीच्या माहेरची शिवी होती. तिने ती ठळक अक्षरांत रंगवून घेतली आणि दारावर लावली. आम्हीही तिला डावरीच म्हणतो. मी तिच्याकडे काज-बटणं करते. तोंडाने फटकळ, म्हणून मला गिऱ्हाइकांपासून लांब खिडकीपाशी बसवलंय. तिथून सगळं दिसतं.

तिचे वडील कोट शिवायचे. अख्ख्या बाजारात त्यांच्या हाताचं नाव होतं. मुलीने पहिल्यांदा कात्री उचलली ती डाव्या हाताने, आणि तिथून त्यांचं डोकं फिरलं. आधी बोटांवर लाकडी पट्टी. मग डावा हात कापडाच्या पट्ट्याने टेबलाच्या पायाला बांधायचा आणि उजव्याने कापायला लावायचं. रेघ वाकडी गेली की पुन्हा पट्टी. बाप गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेला की आई गाठ सोडायची, आणि त्याची पावलं वाजली की परत बांधायची. डावरी म्हणते, मार विसरता येईल एक वेळ, आईची ती दुसरी गाठ विसरता येत नाही. मला दोघांचाही राग येतो आणि मी तो लपवत नाही.

कमावती झाली तशी ती घरातून निघाली. पण घर सुटलं म्हणून भीती सुटते थोडीच! लोकांच्या दुकानांत तुरपाई करत राहिली. कटिंग चोरून, कोणी नसताना. मागून कोणी आलं की दचकून सुई बोटात घुसायची.

चाळिशीला आली तेव्हा कात्रीला धार लावणाऱ्याने विचारलं, "ही डाव्या हाताने कोण चालवतं? पाती भलतीकडूनच झिजलीत." ती पटकन म्हणाली, "कोणी नाही." चाळिशीची बाई, धारवाल्याला घाबरली! तो बिचारा म्हणाला, "अहो, डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते. पाती उलटी बसवलेली असतात."

तिने ती मागवली. घरी बसून एका जुन्या चादरीच्या चिंध्या केल्या. रडत होती आणि कापत होती, आणि रेघ सरळ जात होती.

त्याच कात्रीवर तिने हे दुकान उघडलं. पण त्यानंतर सगळं आलबेल झालं असं नाही. दर बुधवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ती समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे जायची. भाऊ म्हणाला, "वेड लागलंय का तुला?" ती म्हणाली, "लागायचं थांबलंय. म्हणून तर जाते."

हाच भाऊ परवा दुकानात आला. वडील थकलेत, त्यांना लेकीचं दुकान बघायचंय, म्हणाला. "आणि ताई, एक वाक्य बोल त्यांच्यासमोर. तुमच्यामुळे मी घडले, एवढंच. म्हाताऱ्याला समाधान. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, खोटं आहे का?"

"टाकी चालवणारा मूर्तीची बोटं मोडत नाही," डावरी म्हणाली. "घेऊन ये त्यांना. वाक्याचं मात्र सांगत नाही." तो गेल्यावर ती मला म्हणाली, "हे वाक्य बोलले ना, तर माझं पोरपण मीच खोटं पाडलं असं होईल."

वडील भावाबरोबर आले तेव्हा दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. म्हातारा काठी टेकत सरळ कटिंगच्या टेबलाशी गेला. सवय ती सवय. कात्री दिसली, उचलली. डावरीने टेबलावरचं गिऱ्हाइकाचं भारी कापड बाजूला ओढलं आणि त्यांच्यापुढे अस्तराचा तुकडा टाकला. त्यांनी उजव्या हाताने कात्री चालवली. कापड कापलंच नाही, पात्यांमध्ये दुमडून चावलं गेलं.

"धार नाही हिला."

"धार आहे, बाबा. ती डाव्या हाताची आहे."

त्यांनी पुन्हा जोर केला. म्हातारा हटवादी! तुकड्याचा पार चोथा झाला. मग कात्री ठेवून ते गिऱ्हाइकांकडे वळले, छाती काढून. "हिला मीच शिकवलंय. सांग की यांना."

भाऊ डोळ्यांनी खुणावत होता. माझ्या हातातलं बटण तसंच राहिलं.

"कापड बोटांनी ओळखायचं तुम्ही शिकवलंत," डावरी म्हणाली. "ते खरं आहे, ते मी कुणालाही सांगेन. पण हात बांधून मारलंत, ते शिकवणं नव्हतं. मी मार खाऊन शिकले नाही, बाबा. मार थांबल्यावर शिकले."

"ताई, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. तेव्हाही शेजारी ऐकतच होते."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. मला क्षणभर दया आली, खोटं कशाला बोलू? "म्हणजे माफ करणार नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही माफी मागितलीत कधी?"

आम्ही सगळेच वाट पाहत राहिलो. त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मागायला एक शब्द लागत होता आणि तो काही त्यांच्या तोंडून निघेना.

"बसा, चहा सांगते," डावरी म्हणाली. "कोट हवा असेल तर माप घेते, चांगला शिवीन. पण तुम्हाला हवं ते वाक्य माझ्याकडे मिळणार नाही."

ते बसले नाहीत. भावाने त्यांचा हात धरला आणि दोघं गेले. गिऱ्हाइकंही पांगली. डावरीने भारी कापड परत पुढ्यात घेतलं, खडूची रेघ मारली, कात्री उचलली आणि तशीच ठेवून दिली. तिचा डावा हात लटलट कापत होता.

"झाकून टाक दुकान आज," मी म्हटलं. "उद्या कर."

ती स्टुलावर बसली. हात टेबलावर सरळ पसरून ठेवला, उघडा, दारातून कुणालाही दिसेल असा.

"थरथरू दे त्याला हवं तेवढं," ती म्हणाली. "इथे कोणी मारत नाही."